कॅप्सूल फिरते, तरी पावडर आतच राहते: इनहेलरची रचना नेमकी कुठून सुरू करायची?

सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेले चौघे जण कोरड्या पावडरीचा, कॅप्सूलवर चालणारा इनहेलर बनवताहेत. हातात सहा महिने आहेत. थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढून झालाय. ३ नंबरची कॅप्सूल आत फिरते, घर्रर्र आवाजही येतो, पण भरलेल्या २५ मिलिग्रॅम पावडरीतली जवळजवळ १० मिलिग्रॅम बाहेरच येत नाही. कॅप्सूलला पाडायचं भोक मोठं करावं, की आत बॅटरीवरचा छोटा पंखा बसवावा, असा त्यांचा प्रश्न आहे. नमुना जमला की कुपवाड एमआयडीसीतल्या ओळखीच्या मोल्डिंगवाल्याकडून भाग पाडून घ्यायचे, असं पुढचं गणित आहे.

भोक आणि पंखा या दोन्हींकडे येतो, पण खरी अडचण त्यांच्या आधीची आहे. पावडर इनहेलरमधून बाहेर पडली म्हणजे औषध फुप्फुसात गेलं, असं तुम्ही धरून चाललाय. ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाचा उपाय कधीकधी दुसऱ्याला मारतो.

फुप्फुसात खोल जायला औषधाचा कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. त्याहून मोठा असेल तर घशाच्या वळणावर हवा वळते, कण वळत नाही, सरळ जाऊन आपटतो. कणाचा व्यास दुप्पट झाला की आपटण्याची प्रवृत्ती चौपट होते, म्हणून ५ आणि १० मायक्रॉनमध्ये एवढी तफावत पडते. १ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासच्या, कणांतले बरेच उच्छ्वासाबरोबर परत येतात. आता इतकी बारीक पावडर वाहत नाही. मैद्यासारखी गोळे धरते, कॅप्सूलमध्ये नीट भरताही येत नाही. म्हणून ती ५० ते १०० मायक्रॉनच्या लॅक्टोजच्या दाण्यांत मिसळतात. औषध त्या दाण्यांच्या पाठीवर चिकटून बसतं. सल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाची २०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल घ्या. आतली एकूण पावडर २५ मिलिग्रॅम धरली तर औषध १ टक्क्याहूनही कमी भरतं. बाकी सगळं लॅक्टोज.

म्हणजे तुमच्या तराजूला दिसतंय ते लॅक्टोज. समजा भोक मोठं करून २५ मधली २४ मिलिग्रॅम पावडर बाहेर काढलीत. औषध दाण्यांना चिकटूनच राहिलं, तर ते दाण्यांसकट घशावर आदळणार आणि गिळलं जाणार. वजनात पास, फुप्फुसात नापास. इनहेलरचं काम दुहेरी आहे: पावडर बाहेर काढणं आणि वाटेत औषध दाण्यावरून सोडवणं. दोन्हींसाठी ताकद एकाच ठिकाणाहून येते, ती म्हणजे रुग्णाचा श्वास. या यंत्राचं इंजिन रुग्ण आहे, आणि इंजिनची ताकद न मोजता गिअरबॉक्स काढायचा नसतो.

म्हणून पहिला आकडा ठरवायचा तो हवेच्या अडथळ्याचा, ज्याला या क्षेत्रात सगळे रेझिस्टन्स म्हणतात. दाबातल्या घटीचं वर्गमूळ भागिले हवेचा प्रवाह, एवढंच त्याचं सूत्र. दाब किलोपास्कलमध्ये, प्रवाह मिनिटाला लिटरमध्ये. औषधसंहितांच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथांच्या, चाचण्यांत ४ किलोपास्कल ही संदर्भ ओढ धरतात. त्या ओढीला तुमच्या यंत्रातून मिनिटाला ६० लिटर हवा जात असेल, तर रेझिस्टन्स २ भागिले ६०, म्हणजे ०.०३३. तो ०.०२ असला तर त्याच ओढीला १०० लिटर जाते आणि ०.०५ असला तर ४० लिटर. बाजारात या तिन्ही जातींची यंत्रं आहेत, त्यामुळे अमुकच बरोबर असं नाही. कमी रेझिस्टन्सच्या यंत्रात श्वास मोकळा वाटतो, पण प्रवाह जोराचा असल्याने कण घशावर जास्त आपटतात. जास्त रेझिस्टन्सच्या यंत्रात प्रवाह हळू असतो, घसा वाचतो, पण थकलेल्या माणसाला नळीतून घट्ट लस्सी ओढल्यासारखं वाटतं आणि तो मध्येच सोडून देतो. पहिल्या नमुन्यासाठी मी ०.०३ ते ०.०३५ च्या आसपास राहीन.

याचं भागांच्या मापात रूपांतर असं होतं. ४ किलोपास्कलला हवेचा आदर्श वेग सेकंदाला सुमारे ८२ मीटर येतो. वाटेतलं घर्षण आणि प्रवाहाचं आकुंचन धरून ०.७ चा गुणक लावला, तर मिनिटाला ६० लिटरसाठी हवा आत येण्याच्या वाटांचं एकूण क्षेत्रफळ साडेसतरा चौरस मिलिमीटर निघतं. म्हणजे कॅप्सूलच्या कप्प्याला स्पर्शरेषेत मिळणाऱ्या ३ बाय ३ मिलिमीटरच्या समोरासमोर दोन वाटा. जाळी, फिरणारी कॅप्सूल आणि भोवरा हेही ओढ खातात, त्यामुळे प्रत्यक्षात रेझिस्टन्स हिशेबापेक्षा जास्तच येईल. वाटा मुद्दाम बारीक ठेवून सुरुवात करा आणि कानशीने वाढवत न्या. उलटं करता येत नाही. आणि ३ मिलिमीटरची वाट ३.१ झाली तर क्षेत्रफळ जवळपास ७ टक्के वाढतं, हे डोक्यात ठेवा. मोल्डिंगच्या वेळी ते महत्त्वाचं ठरणार आहे.

कॅप्सूलचा कप्पा किती मोठा? ३ नंबरची कॅप्सूल सुमारे १५.९ मिलिमीटर लांब आणि ५.८ मिलिमीटर जाड असते. ती आडवी, लांबीच्या मध्याभोवती पंख्याच्या पात्यासारखी फिरायला हवी. कप्प्याचा व्यास १९ च्या आसपास आणि उंची साडेसहा ते सात धरून सुरुवात करा. उंची जास्त झाली की कॅप्सूल तिरकी होऊन अडकते, कमी झाली की जाळीला घासत राहते.

आता हे सगळं मोजायचं कशाने? कॉलेजात होण्यासारखी सोपी मांडणी आहे. ओढीसाठी व्हॅक्यूम पंप, नसेल तर सुरुवातीला घरचा व्हॅक्यूम क्लीनरही चालेल. वाटेत झडप, मिनिटाला १०० लिटरपर्यंतचा रोटामीटर (हवेचा प्रवाह मोजणारी नळी), आणि इनहेलरच्या तोंडाशी टी जोडून पारदर्शक नळीचा यू आकाराचा पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक. ४ किलोपास्कल म्हणजे पाण्याच्या दोन पातळ्यांत ४१ सेंटिमीटरचा फरक. हा मॅनोमीटर शंभर-दोनशे रुपयांत होतो आणि तो खोटं बोलत नाही. २, ४ आणि ६ किलोपास्कल अशा तिन्ही ओढींना मोजा. ०.०३३ च्या यंत्रातून अनुक्रमे साधारण ४२, ६० आणि ७३ लिटर यायला हवी. २ किलोपास्कलचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण तो अशक्त रुग्णाचा आहे. ६ वर झकास आणि २ वर ढेपाळणारं यंत्र निरोगी विद्यार्थ्यांच्या हातात छान चालतं आणि ज्याला गरज आहे त्याच्या हातात नाही.

प्रमाणित चाचणीत एकूण ४ लिटर हवा ओढतात, म्हणजे ६० च्या प्रवाहाला ४ सेकंद. तुम्ही २ लिटरवरही करा. धाप लागलेला माणूस ४ लिटर ओढत नाही. आणि झडप एकदम उघडा, हळूहळू नाही. पावडर पहिल्या झटक्यात सुटते, त्यामुळे सुरुवातीचा वेग शेवटच्या आकड्याइतकाच मोलाचा असतो.

मांडणी झाली की सगळ्यात आधी गळती पहा. दोन्ही वाटांवर चिकटपट्टी लावा आणि ४ किलोपास्कल ओढा. प्रवाह शून्याजवळ हवा. तुमचा नमुना प्रिंट केलेला आहे, म्हणजे तोंडाचा भाग आणि बूड जिथे बसतात तिथून बहुधा ५-१० लिटर हवा चोरवाटेने येत असणार. ती हवा कॅप्सूलला शिवतसुद्धा नाही. माझा पहिला संशय यावरच आहे.

मग तुमची १० मिलिग्रॅम कुठे बसलीय ते शोधा. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू लागेल, फार्मसीच्या कॉलेजात असतोच. भरलेली कॅप्सूल आधी तोला, ओढ दिल्यावर पुन्हा तोला, आणि कॅप्सूल नसलेला इनहेलरही आधी-नंतर तोला. नुसतं एकूण वजन घेतलं तर काहीच कळत नाही. किमान १० कॅप्सूल करा, एकीवर विश्वास ठेवू नका.

पावडर कॅप्सूलमध्येच राहत असेल, तर भोकाकडे या. दोन्ही टोकांना एकेक, १ ते १.२ मिलिमीटरच्या स्टेनलेस स्टीलच्या सुईचं भोक पुरतं. सुईचं टोक गोल शंकूसारखं नको, तिरकं कापलेलं हवं. तिरक्या टोकाने पापुद्रा एका बाजूने जोडलेला राहून आत दुमडतो. बोथट टोकाने कॅप्सूल आधी दबते, मग फाटते आणि पापुद्रा परत येऊन भोक झाकतो. तुमच्या वापरलेल्या कॅप्सूल भिंगाखाली पहा, हे झालंय का ते लगेच दिसेल. दुसरं, बटण सोडल्यावर सुया पूर्ण मागे येतात का? स्प्रिंग कमजोर असेल तर सुईचं टोक अर्धा मिलिमीटर आत राहतं आणि कॅप्सूल नुसती थरथरते. वाजते, म्हणून फिरतेय असं वाटतं. हे दोन्ही ठीक असतील तरच भोक वाढवा, पण बेतानेच. मोठ्या भोकातून पावडर एका क्षणात ढेकळासारखी पडते. लहान भोकातून ती थोडीथोडी येताना कडेला घासते, कप्प्याच्या भिंतीवर आपटते आणि तिथेच औषध दाण्यावरून सुटतं. थोडी शिल्लक राहिली तरी हे घासणं हवंय.

पावडर कप्प्यात आणि तोंडाच्या नळीत बसत असेल, तर दोष पृष्ठभागाचा किंवा स्थिर विजेचा. प्रिंटचे थर म्हणजे पावडरीसाठी पायऱ्या. प्रिंट केलेल्या नमुन्यावर पावडरीचा निष्कर्ष काढूच नये, त्यावर फक्त हवेची मापं घ्यावीत. कप्पा आणि नळी पॉलिकार्बोनेटच्या दांड्यातून लेथवर काढून पॉलिश करा. स्थिर वीज ओळखायला तोच कप्पा आणि नळी साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, हवेत वाळवा आणि पुन्हा चाचणी घ्या. शिल्लक एकदम घटली तर वीजच होती. अशा वेळी भागांसाठी अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज न धरणारं, प्लास्टिक घ्यावं लागतं.

कॅप्सूल आणि तोंडाच्या मधली जाळीही तपासा. ती फक्त कॅप्सूलचे तुकडे अडवायला नसते. भोवऱ्यात फिरत आलेली हवा ती सरळ करते. जाळी फार विरळ केली तर हवा गिरकी घेतच तोंडात शिरते आणि पावडर नळीच्या भिंतीला आणि गालांना लागते.

आता एक गोष्ट जी पुस्तकात एका ओळीत असते आणि आपल्याकडे अख्खा प्रकल्प बुडवू शकते: दमटपणा. साताऱ्याच्या एका टोकाला महाबळेश्वर-पाचगणी, दुसऱ्या टोकाला माण-खटाव. सांगलीत इकडे शिराळ्याचा पाऊस, तिकडे जत-आटपाडीचं कोरडं माळरान. तेच यंत्र जुलैत पाचगणीच्या आजोबांकडे आणि एप्रिलमध्ये जतच्या मावशींकडे चाललं पाहिजे. साध्या जिलेटीनच्या कॅप्सूलमध्ये १३ ते १६ टक्के पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडालं की ती काचेसारखी तडकते आणि तुकडे जाळीपाशी येतात. ओल्या हवेत ती मऊ पडते, सुई दाबली जाते पण भोक स्वच्छ पडत नाही. एचपीएमसीच्या, म्हणजे वनस्पतीजन्य सेल्युलोजपासून केलेल्या, कॅप्सूलमध्ये पाणी मुळात कमी असतं आणि कोरडी झाली तरी ती सहसा तडकत नाही. म्हणून इनहेलरसाठी मी तीच घेईन, महाग पडली तरी. लॅक्टोजचे दाणेही ओलीत एकमेकांना चिकटतात. तुमची चाचणी पावसाळ्यात झाली असेल तर १० मिलिग्रॅममधला काही वाटा हवेचाच असेल.

याची परीक्षा घेणं स्वस्त आहे. झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत तळाला क्षाराचं संपृक्त द्रावण ठेवा, वर जाळीवर कॅप्सूल. २५ अंशांना साध्या मिठाच्या द्रावणावर आर्द्रता ७५ टक्के राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३ टक्के. क्षार तळाला न विरघळलेला दिसला पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. दोन्ही बरण्यांत तीन-चार दिवस ठेवलेल्या कॅप्सूल बाहेर काढून लगेच ओढ द्या आणि तुलना करा.

पंख्याबद्दल थोडक्यात: नको. खिशात मावणारा छोटा पंखा १०० पास्कलचा दाबसुद्धा मुश्किलीने देतो. माणूस ४,००० देतो. शिवाय पंखा श्वासाच्या आधी सुरू झाला तर पावडर तोंडातच पसरणार. कोरड्या पावडरीच्या इनहेलरचा मोठा गुणच हा, की बटण आणि श्वास यांचा मेळ घालावा लागत नाही. तो घालवू नका.

कुपवाडच्या मोल्डिंगवाल्यांकडे जाल तेव्हा तीन गोष्टी अडून धरा. हवेच्या दोन्ही वाटा एकाच भागात, डायच्या, म्हणजे मोल्डिंगच्या साच्याच्या, एकाच स्टीलमध्ये यायला हव्यात. दोन अर्धे जोडून वाट तयार केली, तर जोडरेषेवर फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकची पातळ कड, येणार, अर्धे किंचित सरकणार आणि वर सांगितलेला ७ टक्क्यांचा फरक नगागणिक पडणार. दुसरं, रनर, म्हणजे डायच्या वाटेत उरलेलं प्लास्टिक, दळून परत वापरलेला दाणा चालणार नाही आणि डायवर सिलिकॉनचा स्प्रे मारायचा नाही, कारण तो थर रुग्णाच्या श्वासाच्या वाटेत येतो. तिसरं, एबीएस प्लास्टिक साधारण अर्धा टक्का आटतं आणि पॉलिप्रॉपिलीन १ ते अडीच टक्के. डाय एका प्लास्टिकसाठी काढून दुसरं भरायचं म्हटलं तर सगळी मापं गेली. वाटांना गो-नो-गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं) करून घ्या आणि प्रत्येक लॉटमधले काही नग मॅनोमीटरवर लावा.

रुग्णाचा हातही रचनेचाच भाग आहे. उसाच्या फडात काम केलेल्या, संधिवात झालेल्या बोटांनी बटण दाबता येतं का, तोंडाचा भाग ओठांत बसवताना हवेच्या वाटा झाकल्या जातात का, वापरून झाल्यावर कॅप्सूल उचकटून काढायला नख लागतं का. मिरजेत छातीच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन दोन-चार दिवस ओपीडीत बसा आणि लोक आधीचे इनहेलर कसे धरतात ते नुसतं पहा. काही जण यंत्रातच उच्छ्वास सोडतात, त्या वाफेने पावडर जागीच ओली होते. काही जण श्वास घेताना बटण दाबूनच ठेवतात. काही जण कॅप्सूल चक्क पाण्याबरोबर गिळतात. कप्पा पारदर्शक ठेवला तर कॅप्सूल रिकामी झाली का हे त्यांना स्वतःला दिसतं. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे.

औषध खरंच सुटतंय का, हे पाहायला कॅस्केड इम्पॅक्टर लागतो. त्याचाच एक प्रकार असलेल्या नेक्स्ट जनरेशन इम्पॅक्टरचे सात टप्पे कणांना आकारानुसार वेगळे करतात आणि प्रत्येक टप्प्यावरचं औषध रासायनिक चाचणीने मोजतात. कॉलेजात तो नसेल, पण फार्मसीवाल्यांकडे काचेचा ट्विन इम्पिंजर असू शकतो. ६० लिटरच्या प्रवाहाला तो सुमारे ६.४ मायक्रॉनवर मोठे आणि लहान कण वेगळे करतो. दोन रचनांत कोणती बरी, एवढं ठरवायला तो पुरतो. औषध हाताळणं फार्मसीच्या प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच. तुम्ही फक्त श्वसनासाठीच्या ग्रेडचं लॅक्टोज वापरा.

आणि हे मी कळकळीने सांगतो: या नमुन्यातून कुणीही, मित्राने गंमत म्हणूनही, पावडर ओढायची नाही. प्रिंटच्या रेझिनमध्ये न पिकलेलं रसायन राहतं, सुईचा कण सुटू शकतो, आणि दमेकऱ्याला नुसत्या धुळीनेही झटका येऊ शकतो. माणसावरच्या चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते आणि १ एप्रिल २०२० पासून भारतात सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांच्या व्याख्येत आहेत. विकायचं म्हटलं तर मोल्डिंगच्या दुकानापासून आयएसओ १३४८५ ची, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता-मानकाची, शिस्त लागते. तुमच्याकडचे सहा महिने त्यासाठी नाहीत.

त्या सहा महिन्यांत या क्रमाने जा: आधी गळती बंद करा, मग रेझिस्टन्स ठरवा, मग सुई आणि स्प्रिंग, मग लेथवरचा गुळगुळीत कप्पा, मग दोन बरण्या. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदला आणि १० कॅप्सूल तोला. तिसऱ्या पायरीपर्यंत १० मिलिग्रॅमची शिल्लक २-३ वर यायला हवी. नाही आली, तर वापरलेल्या कॅप्सूलच्या दोन्ही टोकांचे भिंगाखालचे फोटो, ४ किलोपास्कलचा प्रवाह आणि चिकटपट्टी लावून आलेला गळतीचा आकडा, एवढं पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.